आधी वाळूचं पोतं

रिटाच्या तोंडातून पहिला केस काढला तेव्हा मला तो माझाच वाटला. बाळंतपणानंतर माझे केस मूठमूठ गळत होते. आमटीत, पाळण्यात, उशीवर, जिथे बघावं तिथे तेच. दुसरा केस निघाला तो आखूड होता, राखाडी, ब्रशच्या केसासारखा ताठ. मग मी तिच्या गालात बोट खुपसलं आणि टाळूला चिकटलेला एक गोळा ओढून बाहेर काढला. पांढरे धागे, काळपट चिकट तेल आणि त्यात केसांचा पुंजका. पुंजक्याखाली नखाएवढं कातडं होतं.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर पोरीने दचकून उरलंसुरलं गिळलं असतं. तिला हातावर पालथी घातली, तोंड धुतलं, जीभ पुसली, हिरड्या पुसल्या, पुन्हा धुतलं. ती रडून लालबुंद झाली. मग तिला पाळण्यात टाकून मी मोरीत गेले आणि ओकले.

परत आले तरी ती जे चघळत होती ते तिच्या मुठीत होतंच. हातभर लांबीचा दोराचा तुकडा. पांढरा नायलॉन, त्यात एक लाल धागा पिळाबरोबर फिरलेला. एक टोक चोथा झालेल्या उसासारखं पिंजलेलं, त्यावर दातांच्या बारीक रांगा. दुसरं टोक मात्र सरळ, साफ. सुरीने कापलेलं.

हा तुकडा तिला घरामागच्या शेडीत सापडला होता, तेलाच्या पिंपामागे. दहा महिन्यांची पोर, नुकती रांगायला लागलेली. मी सोड्यांची बरणी फडताळात ठेवेपर्यंत ती उंबरा ओलांडून गेली होती. त्या शेडीत मी स्वतः नाक दाबल्याशिवाय जात नसे. पिंपात मुशीचं तेल असायचं. मुशी मासा कापला की त्याचं काळीज उन्हात ठेवून त्याचं तेल काढतात आणि ते होडीच्या लाकडाला, काथ्याच्या दोरांना चोपडतात. वसईच्या पाचूबंदरात सगळ्यांनाच त्याची सवय. मी गिरीजची, केळीच्या वाडीत वाढलेली. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला त्या वासाने चक्कर आली, ती गोष्ट अजूनही मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात हसत सांगितली जाते.

पण आज जो वास तुकड्याला होता, तो तेलाचा नव्हता. तेलाच्या खाली काहीतरी कुजलेलं होतं. तीन वर्षांत एवढा फरक मला कळायला लागला होता.

सासूबाई ओट्यावर बोंबील साफ करत बसल्या होत्या. मी तुकडा त्यांच्यापुढे धरला.

"आई, हे रिटाच्या तोंडात होतं. उंदराचे केस आहेत ह्यात."

त्यांनी मान वरसुद्धा केली नाही. "उंदीर नाय ना खाल्ला? केसच ना? आमच्या हिलरीने या वयात जित्ती चिंबोरी तोंडात घातलेली. व्हट सुजला, मेला नाय."

"वास बघा ना."

"वास!" आता त्या हसल्या. शेजारच्या ओट्यावर कोणी ऐकतंय का ते पाहून मोठ्याने म्हणाल्या, "काय गो आल्बिना, बी.ए.ची डिग्री तुला दिली का तुझ्या नाकाला?"

मी तेही गिळलं. गिळायची सवय झाली होती. "हा दोर साहेबाच्या बोटीचा आहे. लाल धागा त्याच्याच दोरात असतो. तो कापला कोणी?"

"सासऱ्याला इचार. बोटीवर गेलेत सगळी. हिलरीला आज काठीवर चढवनार हायत ना."

हिलरी म्हणजे माझा नवरा.

इथे जरा थांबून सांगते, नाहीतर माझी घाई कोणाला कळायची नाही. माझे सासरे, सॅन्टनबाबा, हे दोरकामातले नावाजलेले. डोलकाठी उभी करायची, शिडं बांधायची, तुटल्या दोराचे पीळ उकलून एकमेकांत विणून सांधा मारायचा, हे सगळं त्यांच्या हातचं. पण होड्यांना इंजिनं आली आणि शिडांबरोबर बाबांनाही कोणी विचारेनासं झालं. अशात मुंबईच्या एका साहेबाने आपली हौसेची शिडाची बोट आमच्याकडे सांभाळायला ठेवली. तिची डोलकाठी लाकडाची नव्हती. ॲल्युमिनियमची, आतून पोकळ, पाण्याच्या पाइपासारखी. शीड चढवायचे दोन दोर ह्या पोकळीतून जायचे. तळाशी एका फटीतून आत शिरायचे, वर माथ्यावरच्या कप्पीवरून बाहेर पडायचे. मधे काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.

मे महिन्यात काठी उतरवून शेडीत आडवी ठेवली. तेव्हा बाबांनी दोन्ही दोर पिंपातल्या तेलात बुडवून पुन्हा आत सोडले. काथ्याचा दोर तेलाशिवाय सुकतो, कुरकुरतो, म्हणून त्यांच्या बापाने तेल लावलं, त्यांनीही लावलं. नायलॉनला तेल कशाला लागतंय? हे मी तेव्हा हिलरीला विचारलंही होतं. तो म्हणाला, "बाला शिकवू नको." पावसाळाभर उंदरांची त्या काठीत ये-जा चाललेली मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. संध्याकाळी दिवा लावला की शेपट्या आत जाताना दिसायच्या. सांगितलं की सगळे म्हणायचे, उंदीर कोणाच्या घरात नाहीत?

गेल्या आठवड्यात काठी पुन्हा बोटीवर उभी केली आणि पुढच्या शिडाचा दोर आतच अडकला. वर जाईना, खाली येईना. साहेब रविवारी येणार. तेव्हा ठरलं असं की मोठ्या शिडाच्या दोराला फळी बांधायची, त्या फळीवर हिलरीला बसवून माथ्यापर्यंत ओढायचं, आणि त्याने वरून सुतळीला सायकलची चेन बांधून आत सोडायची. चेनच्या वजनाने सुतळी अडकलेला गुंता सोडवत खाली येईल. युक्ती चांगली होती. फक्त ज्या दोरावर माझा नवरा लोंबकळणार होता, त्याचाही मधला भाग त्याच अंधारात होता. आणि त्यातला हातभर तुकडा माझ्या हातात होता.

रिटाला कडेवर घेऊन मी खाडीकडे निघाले. धावता येत नव्हतं, ओहोटीचा चिखल चपलेला ओढत होता. बोट चिखलात बसलेली, दोन्ही बाजूंना बांबूचे टेकू. ओहोटीलाच हे काम करतात, बोट डुलत नाही म्हणून. हिलरी फळीवर बसलाही होता. पाय हलवत होता, पाळण्यात बसलेल्या पोरासारखा. कमरेला चेन आणि सुतळीचं भेंडोळं. त्याचा धाकटा भाऊ वॉल्टर दोर धरून उभा, आणि बाबा काठीच्या तळाशी, बिडी विझवून कानावर ठेवत.

"आली बघ तुझी मेमसाब," वॉल्टर म्हणाला. "नाकाला रुमाल नाही लावला आज?"

मी फळकुटावरून बोटीवर चढले. कोणी हात दिला नाही; एका हाताने रिटाला धरलं होतं, दुसऱ्यात तुकडा होता.

"बाबा, हा तुकडा कुठला?"

बाबांनी तुकड्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "जुना असंल."

"जुना नाही. मे महिन्यात साहेबाने नवे दोर आणून दिले, तेच आहेत. एका बाजूला उंदराने खाल्लंय, दुसऱ्या बाजूला सुरी लागलीय. उंदीर सुरी वापरत नाही, बाबा."

वॉल्टर खो खो हसला. मग त्याला कळलं की दुसरं कोणी हसत नाहीये.

"बा?" हिलरी म्हणाला.

"खाल्लेला भाग काढला आनि सांधा मारला," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज खाली होता, पण सुरात माघार नव्हती. "कोनाला सांगायची काय गरज? सांधा माझ्या हातचा हाय. वरून तेल पन चोपडलंय."

पुन्हा तेल! मला त्या क्षणी त्यांच्या हाताची किळस आली. तेलाने काळी पडलेली नखं, त्याच हाताने त्यांनी कापलं, विणलं, चोपडलं, पिंपामागे तुकडा फेकला, आणि रात्री त्याच हाताने माझ्या पोरीला भाताचे घास भरवले.

"नायलॉन गुळगुळीत असतो," मी म्हणाले. "काथ्यासारखा एकमेकांत रुतत नाही. त्यात तेल. सांधा सरकला तर?"

"माझा सांधा?" बाबांनी कानावरची बिडी काढली, परत ठेवली. "बावन सालच्या तुफानात आमच्या होडीचं शीड माझ्या सांध्यावर तरलं. तू तवा जन्मली व्हतीस?"

"आल्बिना, घरी जा," हिलरी म्हणाला. तो मोठ्याने नाही बोलला. काठावर आता दोन-चार माणसं जमली होती, जाळी खांद्यावर घेऊन मजा बघत उभी. त्यांच्यापुढे त्याला बायकोचं ऐकणं नको होतं. "लहानपणापासून मी बाच्या सांध्यावर चढतोय."

"ते काथ्याचे होते."

"जा म्हटलं ना."

"आधी वाळूचं पोतं चढवा. तुमच्या वजनाचं. तेवढंच मागते. पोतं वर गेलं की तुम्ही जा, मी एक शब्द बोलणार नाही."

"म्हंजे माझी परीक्षा?" बाबा म्हणाले. "सुनेनं घ्यायची? गावासमोर?"

काठावरून कोणीतरी ओरडलं, "काय सॅन्टन, वाळू का दगड?" सगळे हसले. बाबांचा चेहरा तांबूस झाला. त्यांनी वॉल्टरला मान हलवून खूण केली. वॉल्टरने दोर ताणला. हिलरीचे पाय बोटीच्या तख्तापासून वर उचलले गेले, वीतभर. काठीच्या फटीतून दोराबरोबर काळा, ओला ओघळ बाहेर आला आणि वॉल्टरच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला. त्याने हात झटकला, हुंगला, तोंड वाकडं केलं आणि तरीही ओढत राहिला! मला वाटलं, ही माणसं नाकाने कळलेलं डोक्यापर्यंत जाऊच देत नाहीत.

मी पुढे होऊन फळी धरली.

"थांबा. मग पहिली हिला बसवा."

"काय?"

"रिटाला. एवढीशी पोर. तुमच्यापुढे हिचं वजन ते काय? सांधा एवढा पक्का आहे तर हिला वरपर्यंत नेऊन आणा. मी इथेच उभी राहते." आणि मी रिटाला कडेवरून सोडवून हिलरीच्या मांडीवर, फळीवर टेकवली. माझी बोटं तिच्या झबल्यात अशी रुतली होती की मला स्वतःलाच ती सोडवता आली नसती. मी तिला सोडणार नव्हते. पण हे त्यांना कुठे माहीत होतं?

रिटाला झोपाळा वाटला. ती खुदकन हसली आणि दोराला हात घालून तोंडाकडे ओढायला लागली.

बाबांचा हात मधे आला. इतक्या जोरात की फळी हलली. काळ्या नखांचा तो हात फळी आणि पोरीच्या मधे.

"पोरीला नाय."

"का नाही?"

"नाय म्हनतो ना."

"का नाही, बाबा?"

त्यांनी हात काढला नाही. चिखलात खेकड्यांच्या बिळांतून पाणी निघताना जो बुडबुड आवाज येतो तेवढा येत होता. हिलरी बापाकडे बघत होता. आधी नुसता बघत होता, मग त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. त्याने पाय खाली टेकले, कमरेची सुतळी सोडली आणि फळीवरून उठला.

"वॉल्टर," तो म्हणाला, "पोतं आण."

वाळू भरायला वॉल्टर आणि काठावरचा एक जण गेले. बाबा काठीला टेकून बसले. पोतं फळीला बांधलं तेव्हा ते उठले नाहीत. वॉल्टर आणि हिलरीने मिळून दोर ओढला. मी रिटाला घेऊन चार पावलं मागे, फळकुटाच्या बोटीकडच्या टोकाला उभी राहिले. पोतं हळूहळू चढलं. माणसाच्या उंचीवर गेलं, घराच्या छपराएवढं गेलं. वॉल्टर म्हणाला, "जातंय की."

मग काठीच्या आत एक आवाज झाला. मोठा नाही. ओली चड्डी मुठीतून पिळून काढताना होतो तसा. वॉल्टर आणि हिलरी दोघे पाठीवर आपटले, त्यांच्या हातातला दोर एकदम सैल. पोतं खाली आलं. तख्ताची एक फळी फोडून त्यात अर्धं रुतलं, वाळू फुटून सगळीकडे. आणि वरून, कप्पीवरून, सुटलेल्या दोराचं शेपूट सपकन बाहेर आलं आणि आमच्यावर पडलं.

त्याच्याबरोबर बाकीचंही आलं. काळं तेल, त्यात लेंड्या, केस, काड्यांएवढी हाडं, अर्धवट कुजलेलं एक पिलू. वॉल्टरच्या डोक्यावर, बाबांच्या मांडीवर, माझ्या खांद्यावर. मी रिटावर वाकले होते म्हणून तिला काही लागलं नाही. माझ्या मानेवरून काहीतरी थंड घसरत ब्लाउजमध्ये गेलं आणि मी जागची हलले नाही, कारण हलले असते तर ते तिच्यावर पडलं असतं.

दोराचं टोक माझ्या पायाशी होतं. सांध्याचे पीळ तुटले नव्हते. एकमेकांतून सुटून अलगद बाहेर आले होते, तेलाने चकचकीत.

पहिलं कोण बोललं? बाबा.

"उंदरांनी घात केला," ते म्हणाले.

"उंदरांनी," वॉल्टर म्हणाला.

काठावरचेही म्हणाले, उंदीर फार झालेत यंदा. एकाने सांगितलं, त्याचं नवं जाळं खाल्लं. दुसऱ्याने सांगितलं, साबण खाल्ला. बघता बघता सगळं उंदरांवर गेलं आणि माणसं घरोघर जेवायला गेली.

काठी उतरवावीच लागली. अंगणात आडवी टाकून चुलीवर हंडे चढवले आणि उकळतं पाणी आतून ओतलं. पाणी मी तापवलं, दुसरं कोण तापवणार? पलीकडच्या तोंडातून घरटं बाहेर आलं. अडकलेला तो दुसरा दोर त्यातच कुरतडून गुंतला होता. जाळ्याचे तुकडे, पांढरा नायलॉनचा कापूस, आणि मधोमध, पिलांच्या अंथरुणाला, रिटाचा लोकरीचा पिवळा मोजा. जुलैत हरवला म्हणून मी घर पालथं घातलं होतं. सासूबाई काटकीने तो उचलत म्हणाल्या, "घे, सापडला." मी तो काटकीसकट चुलीत घातला.

मोरीवर हिलरी अंग घासत होता. मी पाणी ओतत होते. त्याने केस तीनदा धुतले. मग म्हणाला, "बाला आता काही बोलू नकोस. त्यालाच लागलंय."

"त्यांना लागलंय?"

"साहेबाची बोट गेली तर त्याच्याकडे काय राहील? त्याला वाटलं सांधा टिकेल."

"वाटलं असतं तर रिटाला बसू दिलं असतं."

त्याने माझ्याकडे पाहिलं. साबणाचा फेस त्याच्या भुवयांवरून ओघळत होता. "तो बाप आहे माझा," तो म्हणाला. जसं काही हेच मी इतका वेळ म्हणत नव्हते! मी तांब्या हंड्यात टाकला आणि आत निघून गेले. तो उरलेला साबण नुसत्या हाताने पुसत बसला असेल. बसू दे, म्हटलं.

रात्री बाबा जेवायला बसले. नेहमीसारखे त्यांनी रिटाकडे हात पसरले. हात धुतलेले होते, राखेने आणि साबणाने, बोटं सुरकुतली होती. रिटा त्यांच्याकडे झेपावली. मी तिला मागे धरलं.

"धुतलेत," ते म्हणाले.

"असतील," मी म्हणाले. पोर मी माझ्याच मांडीवर भरवली. ते खाली मान घालून जेवले. सासूबाईंनी दुसऱ्यांदा कालवण वाढायला घेतलं तर त्यांनी हातानेच नको म्हटलं.

रविवारी साहेब आला. येताना नवे दोर घेऊन आला होता, उंदरांनी दोर खाल्ले, तख्त फुटलं असा निरोप त्याला गेला होता. काठी पुन्हा उभी केली. नवे दोर कोरडे होते. त्यांना कोणी काही चोपडलं नाही. पिंपाला वॉल्टरने झाकण ठोकलं होतं. काठी चढल्यावर माथ्यावरची कप्पी वाकडी असल्याचं दिसलं म्हणून हिलरीला वर जावंच लागणार होतं. मी चहाचा ट्रे घेऊन काठावर आले, रिटा कडेवर.

बाबांनी फळी बांधली. मग कोणी न सांगता पोतं ओढत आणलं आणि फळीवर ठेवून बांधलं.

"हे काय?" साहेबाने विचारलं.

"आमच्यात मानूस चढायच्या आधी वाळू चढवतात, सायब," बाबा म्हणाले. "माझ्या बापापासनं. त्याबिगर आमी कोनाला वर सोडत नाय."

साहेबाने मान डोलवली. "गुड. व्हेरी गुड." वॉल्टर खाडीकडे बघायला लागला. हिलरी दोराशी काहीतरी करत होता. त्याने वर पाहिलं नाही.

मी ट्रे खाली ठेवला. खांद्यावरच्या पिशवीत हात घातला. तो तुकडा माझ्या पिशवीत होता, बॉर्नव्हिटाच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलेला. साहेबाच्या बशीत ठेवायचा म्हणूनच आणला होता. एका टोकाला दात, एका टोकाला सुरी. साहेब शिकलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नसतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे. त्यांना डबा दिसला असावा.

पोतं वर निघालं. छपराच्या उंचीवर गेलं, त्याहून वर, माथ्याच्या कप्पीला लागलं. तिथे बाबांनी ते थांबवलं आणि दोराला वेढा देऊन बराच वेळ तसंच लोंबतं ठेवलं. साहेब म्हणाला, बस झालं. बाबा म्हणाले, "जरा दम धरा." ते पोत्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. मी काही बोलेपर्यंत ते पोतं खाली घेणार नव्हते.

"घ्या खाली," मी म्हणाले.

पोतं उतरलं, हिलरी बसला. मी साहेबाला चहा दिला, बशीत नुसतीच बिस्किटं ठेवून. डबा पिशवीतच राहू दिला, पण झाकणावरचा हात काढला नाही. हिलरी वर गेला, लहान दिसायला लागला, वरून रिटाला हाका मारायला लागला. खालून त्याचे नुसते तळवे दिसत होते. तो परत तख्तावर पाय टेकेपर्यंत मी काठावरून हलले नाही. चहा सांडला तरी पुसला नाही.

रिटा काहीतरी चघळत होती. मी तिच्या तोंडात बोट घालून गाल, टाळू, जिभेखाली, सगळं पाहिलं. बिस्किट होतं.